मोटरहोमच्या बाहेरच्या जोडांना कोणता सीलंट लावायचा?

मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, गळायला लागलं की पाणी दिसतं एकीकडे आणि शिरलेलं असतं दुसरीकडे. छतावरच्या व्हेंटच्या (हवा खेळवणाऱ्या झरोक्याच्या) कडेनं आत आलेला थेंब पत्रा आणि आतल्या प्लायच्या मधून वाट काढत मागच्या कपाटात टपकतो, आणि आळ येतो खिडकीवर. मग घरातल्या बाथरूमचा उरलेला सिलिकॉन आणून खिडकीभोवती ‘मारला’ जातो. ताम्हिणीतून एक फेरी झाली की पुन्हा तेच, आणि आता तर खिडकीभोवतीचा तो सिलिकॉन खरवडून काढायचं काम वाढलेलं.

सीलंट, म्हणजे जोडातून पाणी शिरू नये म्हणून भरायचा माल, आणायला दुकानात गेल्यावर आपण विचारतो, ‘सगळ्यांत भारी कुठला?’ त्याला उत्तर नाही. आधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. जोडायचे दोन्ही पृष्ठभाग कशाचे आहेत? तो भाग पुढे कधी काढावा लागणार आहे का? आणि त्याला धरून ठेवणार कोण, स्क्रू की सीलंट? या तिन्हींची उत्तरं मिळाली की निवड जवळजवळ आपोआप होते.

आधी पृष्ठभाग ओळखा

पुण्यात तयार होणारी बरीच मोटरहोम आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या ट्रॅव्हलरसारख्या व्हॅनवर बांधलेली असतात. तिथे बाहेरचं अंग रंगवलेल्या स्टीलच्या पत्र्याचं. काही गाड्यांना चासीवर वेगळी खोली बसवलेली असते, तिचं अंग फायबरचं किंवा ॲल्युमिनियमचं. त्यावर बसणारे भाग मात्र बहुधा प्लॅस्टिकचे: व्हेंटची चौकट एबीएसची, खिडकी ॲक्रिलिकची, दिव्याची काच पॉलिकार्बोनेटची, स्वस्त झाकणं आणि क्लिपा पॉलिप्रॉपिलीनच्या. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिइथिलीनला बाजारातला कुठलाही नेहमीचा सीलंट धड धरत नाही. भागाच्या मागे पीपी किंवा पीई असं कोरलेलं दिसलं, तर तिथे सीलंटच्या पकडीवर विसंबू नका. स्क्रूनं दाबलेली ब्युटाइलची (कधी न वाळणारी, चिकट) पट्टी किंवा रबरी गॅस्केटच कामाला येईल.

रंगाचंही तेच. सीलंट पत्र्याला नाही, रंगाला चिकटतो. रंगाखाली जाड पुट्टी भरलेली असेल, तर सीलंट कितीही जोरकस असला तरी तो पुट्टीसकट उचलला जातो. सोलर पॅनेलचे ब्रॅकेट नुसते चिकटवून बसवणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

दुकानातल्या ट्यूबा आणि त्यांचे स्वभाव

व्हिनेगरसारखा आंबट वास येणारा सिलिकॉन म्हणजे ॲसेटिक सिलिकॉन. तो फरशी आणि काचेसाठी. वाळताना त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं, ते ॲल्युमिनियम आणि गॅल्व्हनाइज्ड पत्र्याला खातं. शिवाय त्यावर रंग बसत नाही, आणि काढल्यावरही त्याचा अतिशय पातळ तेलकट थर मागे राहतो, ज्यावर पुढचा कुठलाच सीलंट नीट धरत नाही. गाडीच्या बाहेरच्या अंगावर याला मज्जाव. न्यूट्रल सिलिकॉन गंज आणत नाही, उन्हाला उत्तम टिकतो, काच आणि धातूला चांगला. पण मागे राहणाऱ्या थराचा त्रास त्यातही आहेच, म्हणून जिथे पुढे दुरुस्ती होणार तिथे तोही टाळलेला बरा.

पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू, हा गाड्यांच्या धंद्यातला जुना गडी. सिकाफ्लेक्स २२१ हा सील करण्यासाठीचा, २५२ हा भाग चिकटवून धरण्यासाठीचा. पकड जबरदस्त, पण दोन खोडी. उघड्या उन्हात तो पिवळा पडतो, पिठासारखा सुटतो, पुढे चिरतो. आणि ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेटसारख्या प्लॅस्टिकवर त्यातले, विशेषतः त्याच्या प्रायमरमधले (पकडीसाठी आधी लावायच्या अस्तरातले), द्रावक लागले की काही काळानं कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसू लागतात. खिडकी गेलीच समजा.

एमएस पॉलिमर किंवा एसटीपी या नावानं मिळणारे हायब्रिड सीलंट हे या दोघांच्या मधले. सिकाफ्लेक्स ५२२ याच जातीचा आणि खास कॅरॅव्हॅनच्या कामासाठी केलेला. ऊन सोसतो, वास कमी, बऱ्याच धातूंना, फायबरला आणि एबीएसला प्रायमरशिवाय धरतो, वर रंगही देता येतो. कुठला घ्यावा असा संभ्रम असेल आणि समोर ॲक्रिलिक किंवा पॉलिप्रॉपिलीन नसेल, तर हाच घ्या.

ब्युटाइल ही ट्यूब नव्हे, गुंडाळीच्या रूपात मिळणारी चिकट पट्टी. ती कधीच वाळत नाही, कणकेसारखी मऊ राहते. म्हणूनच ती काही धरून ठेवू शकत नाही. तिला स्क्रूंचा दाब लागतो. बदल्यात भाग कधीही काढता येतो आणि प्लॅस्टिकला ती काही करत नाही. हलक्या प्रतीची ब्युटाइल मात्र मे महिन्याच्या उन्हात ओघळते. विकत घेताना तुकडा ओढून पाहा: चांगली पट्टी लांब ताणली जाते, हलकी पटकन तुटते.

सपाट छतासाठी आपोआप पसरून समतल होणारा सीलंट वेगळा मिळतो. स्क्रूंच्या माथ्यांवर आणि चौकटीच्या कडांवर ओतायला तो छान. उभ्या भिंतीवर वापरला तर खाली वाहून येतो, इतकं लक्षात ठेवलं की पुरे.

दोन गोष्टी गॅरेजमध्ये हमखास सुचवल्या जातात आणि दोन्ही नाकाराव्यात. एक, दोन गोळे मळून लावायची एपॉक्सी पुट्टी: ती दगडासारखी कडक होते आणि हलत्या जोडावर लगेच तडकते. दुसरी, गच्चीसाठीची डांबरी पट्टी: उन्हात वितळते, काळे ओघळ येतात, आणि ती साफ करताना माणूस रडकुंडीला येतो.

जाडी हवी

सीलंट का सुटतो हे समजून घ्यायचं तर थोडा हिशेब करू. पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, आणि एप्रिलच्या दुपारी छताच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसतो. या दोन टोकांत ५० अंशांचा फरक सहज धरता येतो. स्टील १ मीटर लांबीला दर अंशामागे ०.०१२ मिलिमीटर वाढतं, एबीएस साधारण ०.०८. म्हणजे ६०० मिलिमीटरची एबीएसची चौकट ५० अंशांत २.४ मिलिमीटर वाढेल आणि तिच्याखालचं स्टील जेमतेम ०.३६. फरक दोन मिलिमीटरचा, दोन्ही कडांना वाटला तर प्रत्येकीला एक.

आता चौकट आवळून आवळून सीलंटचा थर ०.३ मिलिमीटरचा केला असेल, तर त्याला स्वतःच्या जाडीच्या तिप्पट सरकायला सांगितलं जातंय. तो फाटणारच. तोच थर २ मिलिमीटरचा असेल, तर सरकणं निम्म्या जाडीइतकंच, आणि लवचीक सीलंट ते निमूट सोसतो. स्क्रू घट्ट म्हणजे जोड पक्का, ही समजूत इथे उलटी पडते. जास्त आवळल्यानं सगळा सीलंट बाहेर पिळून निघतो आणि आत काहीच उरत नाही.

जाडी राखायला २ मिलिमीटरचे रबराचे किंवा आधीच वाळवून ठेवलेल्या सीलंटचे छोटे तुकडे चौकटीखाली दर १५ सेंटिमीटरवर ठेवावेत. वाळलेल्या सीलंटचे तुकडे सर्वांत सोयीचे, कारण ते आतच राहिले तरी बिघडत नाही.

कुठल्या भागाला काय

छताचा व्हेंट: भोक ४०० बाय ४०० मिलिमीटरचं असेल, तर चौकटीखाली हायब्रिड किंवा ब्युटाइल, आणि बाहेरच्या कडेवर हायब्रिडची कड. व्हेंटचा पंखा बिघडतो, झाकण तडकतं, कधी ना कधी ते सगळं काढावं लागतं. तिथे पीयू लावला तर काढताना पत्रा वाकेल. बऱ्याच स्टीलच्या व्हॅनच्या छतावर उभ्या पन्हळी दाबलेल्या असतात. त्या खोलगट जागा नुसत्या सीलंटनं भरू नका. ८-१० मिलिमीटर खोलीचा सीलंट आतपर्यंत वाळायला आठवडे घेतो, आणि तोवर गाडी हलली तर आतून सरकतो. पन्हळीच्या मापाच्या फायबरच्या पट्ट्या कापून आधी चिकटवा, पृष्ठभाग सपाट करा, मग व्हेंट बसवा.

ॲक्रिलिकची खिडकी: चौकटीची असेल तर चौकट आणि अंगाच्या मध्ये ब्युटाइल किंवा न वाळणारा मऊ मॅस्टिक. ॲक्रिलिकला पीयू, थिनर, पेट्रोल, अल्कोहोल यांतलं काहीही लागू देऊ नका. पुसायचं तर साबणाच्या पाण्यानं.

सोलर पॅनेल: इथे सीलंटनं धरूनही ठेवायचंय, म्हणून चिकटवण्याच्या जातीचा पीयू किंवा जास्त ताकदीचा हायब्रिड, सोबत उत्पादकानं सांगितलेला प्रायमर. रंगाखाली पुट्टी असल्याचा संशय असेल, तर बोल्ट आणि खालून मोठे वॉशर द्यावेतच. ब्रॅकेट पुरेसे उंच असावेत, पॅनेलखालून वारा खेळायला हवा.

केबल ग्लँड (वायर आत घेण्याच्या भोकावरची बुचं), अँटेना, बाहेरचे दिवे: हायब्रिड. दिव्याच्या मागच्या बाजूला खालच्या कडेला एक लहान फट मुद्दाम मोकळी सोडा, म्हणजे आत दमटपणातून जमलेलं पाणी निथळून जाईल. चारही बाजूंनी बंद केलेला दिवा आतून कुजतो.

ऑनिंग (बाहेर ओढायचं सावलीचं छत) आणि मागची शिडी: भार स्क्रू-बोल्टांवर, सीलंटचं काम फक्त पाणी अडवणं. प्रत्येक बोल्टच्या भोकात सीलंट भरायचा, आणि ब्रॅकेटखाली पूर्ण थर द्यायचा. डिझेल हीटरच्या धुराड्याजवळ मात्र यांतलं काही चालणार नाही. तिथे उष्णता सोसणारा सिलिकॉनच.

किती माल लागेल

३०० मिलिलिटरच्या एका ट्यूबमधून ५ बाय ५ मिलिमीटरची १२ मीटर लांब रेघ निघते. वरच्या व्हेंटचा हिशेब: चौकटीची पट्टी ३० मिलिमीटर रुंद, थर २ मिलिमीटर, घेर अंदाजे १.८ मीटर, म्हणजे १०८ मिलिलिटर. बाहेरची कड आणि वाया जाणारं धरून १५०. एका ट्यूबमध्ये दोन व्हेंट, तेही हात बसलेला असेल तर. पहिल्यांदाच करत असाल तर एक ट्यूब जास्तीची आणा. निम्म्यात माल संपला तर रविवारी संध्याकाळी धावपळ होते.

रविवार पेठेत, बोहरी आळीच्या हार्डवेअरच्या दुकानांत सिलिकॉन आणि साधे पीयू सहज मिळतात. हायब्रिड आणि प्रायमरसाठी भोसरी-चिंचवडकडच्या औद्योगिक माल विकणाऱ्यांकडे जावं लागेल. कुठेही घ्या, ट्यूबवरची मुदत वाचा. दुकानाच्या माळ्यावर उन्हाळा काढलेली ट्यूब मुदतीत असूनही आतून घट्ट झालेली असू शकते: मागची चकती अंगठ्यानं दाबून पाहा, दगडासारखी लागली तर परत द्या.

काम करण्याचा क्रम

जुना सीलंट पूर्ण काढणं हे निम्मं काम. जुन्यावर नवा लावणं ही सर्वांत मोठी चूक, कारण नव्याची पकड जुन्याच्या पकडीइतकीच राहते, आणि ती तर गेलेली असते. सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा, मग सिलिकॉन रिमूव्हर लावा. पीयूला धारदार कटर किंवा तार लागते. ब्युटाइल सकाळी गारव्यात ओढून काढा, उन्हात ती च्युइंगमसारखी लांबते. राहिलेली पांढऱ्या पेट्रोलनं पुसता येते, पण ॲक्रिलिकजवळ नाही.

नवीन भोक पाडलं असेल तर कानसेनं कडा घासून घ्या. लोखंडाचा कीस छतावर राहिला तर पहिल्याच दवात तपकिरी ठिपके उठतात, तेव्हा तो व्हॅक्यूमनं उचला, फडक्यानं झटकू नका. उघड्या कडेला झिंकचा किंवा एपॉक्सी प्रायमर, त्यावर रंग, आणि एक पूर्ण दिवस सुकू द्या. हा दिवस वाचवणाऱ्यांच्या गाड्या दोन-तीन वर्षांत सीलंटच्या खालून गंजतात, आणि वरून काही कळत नाही.

भाग कोरडाच बसवून पाहा, पेन्सिलनं कड आखा, रेघेबाहेर मास्किंग टेप लावा. चिकटणारी जागा बारीक स्कॉचब्राइटनं हलकी खरखरीत करा. मग दोन फडकी घ्या: एकानं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावायचं, दुसऱ्यानं ते वाळायच्या आत पुसायचं. एकाच फडक्यानं घासलं तर तेल फक्त इकडचं तिकडे होतं. स्वस्त थिनर वापरू नका, त्याचा स्वतःचाच तेलकट थर राहतो. अल्कोहोल पूर्ण उडून जाऊ द्या, कारण ओल्या अल्कोहोलवर पीयू लावला तर तो चिकटसरच राहतो, वाळत नाही.

नोझलचं तोंड इंग्रजी व्ही अक्षरासारखं कापा, म्हणजे रेघ उंच त्रिकोणी येते आणि दाबल्यावर हवा बाहेर पडते. रेघ सलग हवी. स्क्रूच्या भोकांच्या आतल्या बाजूनं एक पूर्ण फेरी, आणि प्रत्येक भोकाभोवती एक कडं. सुरुवात आणि शेवट कोपऱ्यात नको, सरळ बाजूच्या मध्यावर एकमेकांवर चढवा. भाग वरून सरळ खाली ठेवा, ठेवल्यावर सरकवू नका. समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत जा. चारही बाजूंनी सीलंटची बारीक कड बाहेर आली की थांबा. बोल्ट असेल तर त्याचं डोकं स्थिर धरा आणि खालून नट फिरवा, नाहीतर आट्यांभोवतीचं सील तुटतं. ब्युटाइलचं तंत्र वेगळं: ती उन्हात हळूहळू दबते, म्हणून पुढचे तीन-चार दिवस रोज थोडं आवळायचं आणि बाहेर आलेली पट्टी प्लॅस्टिकच्या पट्टीनं कापायची.

कड गोलसर करायला बोट साबणाच्या पाण्यात अगदी किंचित बुडवा. रॉकेल किंवा अल्कोहोल नको. वर साय धरायच्या आत टेप काढा.

हे सीलंट हवेतल्या ओलाव्यानं वाळतात, २४ तासांत साधारण २ ते ३ मिलिमीटर. आपल्याकडे एप्रिलच्या कोरड्या दुपारी ते मंदावतं, तेव्हा सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर काम धरा आणि चार-पाच दिवस गाडी घाटात नेऊ नका. उलट जूननंतर ओलसर पत्र्यावर पीयू लावला तर त्यातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येऊन तो स्पंजासारखा होतो. फेब्रुवारी-मार्च उत्तम, मृग लागायच्या आत चाचणीसकट सगळं उरकलेलं असावं.

पाण्याची चाचणी आणि दोष ओळखणं

पाइपनं पाणी खालून वर सोडत जा. एका भागावर दहा मिनिटं, मग पुढचा. सगळीकडे एकदम पाणी मारलं तर गळती सापडते, जागा सापडत नाही. आतून जोडाखाली टाल्कम पावडर भुरभुरवा; थेंबाची वाट तिच्यात काळपट रेघ होऊन दिसते. प्रेशर वॉशरचा झोत कडांवर सरळ धरू नका, तो चांगला जोडही उचकटतो.

गळती निघाली तर सीलंट कसा तुटलाय ते बघा. एका बाजूनं टेपसारखा सबंध सुटून आला तर पृष्ठभाग घाण होता किंवा त्यावर सिलिकॉनचा जुना थर होता. दोन्ही बाजूंना चिकटून मध्येच फाटला तर थर पातळ पडलाय. वरून पिठासारखा सुटत असेल तर उन्हात पीयू उघडा राहिलाय. आठवड्यानंतरही बोटाला चिकटत असेल तर ट्यूब शिळी होती किंवा अल्कोहोल पूर्ण उडलं नव्हतं. तो काढूनच टाकावा लागतो, वर दुसरा थर देऊन काही होत नाही.

उरलेल्या ट्यूबच्या नोझलमध्ये तीन सेंटिमीटर माल तसाच सोडा, तोच बूच होतो. पुढच्या वेळी तो ओढून काढा आणि आधी पुठ्ठ्यावर एक रेघ मारून ती वाळते का ते पाहा. आणि गाडीतल्या एखाद्या कपाटाच्या दाराला आतून एक चिठ्ठी चिकटवा: कुठल्या भागाला कुठला सीलंट, कुठल्या महिन्यात. व्हेंट काढायला येणाऱ्या कारागिराला मग आधीच कळेल, कटर पुरेल की तार लागेल.